प्रपौत्रांसाठी कोरलेला लेख

सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख आपल्याकडे बहुधा एका वाक्यात शिकवला जातो. कलिंगचे युद्ध झाले, रक्तपात पाहून राजाला पश्चात्ताप झाला आणि तो धम्माकडे वळला. परीक्षेपुरते एवढे पुरते. परंतु मूळ लेख सावकाश वाचला, म्हणजे त्यात आणखी बरेच काही असल्याचे ध्यानात येते. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकल्याचे राजा सांगतो आणि लगेच आकडे देतो: दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी पट मेली. पुढे तो आणखी एका दुःखाची नोंद करतो. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, पण ज्यांचे मित्र, परिचित, सोबती आणि नातलग संकटात सापडले, त्यांचेही दुःख तो युद्धाच्या हिशेबात धरतो. आणि शेवटाकडे येताना हा लेख का कोरला, याचे कारण देतो. आपल्या पुत्रांनी आणि प्रपौत्रांनी नवा विजय मिळवण्याजोगा आहे असे मानू नये, म्हणून हा लेख लिहविला आहे.

म्हणजे जे अजून जन्मलेच नव्हते, त्यांच्यासाठी तो दगड कोरला गेला. नव्या पिढीने मोठ्या युद्धांची आठवण ठेवावी की नाही, हा आज पालकसभांतून आणि शिक्षकांच्या बैठकांतून विचारला जाणारा प्रश्न त्या राजापुढेही होता आणि त्याने आपल्यापुरते त्याचे उत्तर दिले होते. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत त्या उत्तराचा थोडा तपशिलाने विचार करावा, असे वाटते. कारण प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, आणि ‘इतिहास विसरू नये’ असे म्हणून तो सुटतही नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकून घेऊ. काही पालक म्हणतात, मुलांचे मन कोवळे असते. जळालेल्या देहांची वर्णने त्यांना कशाला ऐकवायची? काही म्हणतात, जुन्या लढाया आठवल्या की जुनी वैरे जागी होतात. आणि विद्यार्थ्यांचा स्वतःचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक असतो: आमचा त्याच्याशी काय संबंध? या तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. युद्धाच्या आठवणीने माणसे शहाणी झाल्याची उदाहरणे जगात आहेत, तशी त्या आठवणीच्या बळावर दुसरे युद्ध पेटवल्याची उदाहरणेही आहेत. म्हणून काय आठवायचे आणि कसे, हे ठरवल्याशिवाय नुसत्या ‘आठवा’ या आज्ञेला अर्थ उरत नाही.

अशोकाच्या लेखाचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. दगड टिकला, पण लिपी विसरली गेली. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथील अशोकाचे स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीला आणवले. त्यांवरची अक्षरे वाचण्यासाठी पंडितांना बोलावले, पण ती कोणालाच वाचता आली नाहीत. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे हे लेख पुन्हा बोलू लागले. मधल्या कित्येक शतकांत प्रपौत्र येत-जात राहिले. गुराखी त्या कातळांच्या सावलीत बसले असतील, वाटसरूंनी त्यांना पाठ टेकली असेल, आणि एक लाख मृतांचा आकडा त्यांच्या पाठीमागे तसाच कोरलेला राहिला. स्मारक उभारले म्हणजे स्मृती पुढे जाते, या समजुतीला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. ज्या कलिंगात हे युद्ध झाले, तेथील धौली आणि जौगड येथे अशोकाचे शिलालेख आहेत. पण तेथे अकरावा, बारावा आणि तेरावा हे लेख नाहीत. त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख आहेत. सर्व माणसे माझी अपत्ये आहेत, असा त्यांचा सूर आहे आणि अधिकाऱ्यांनी कोणालाही विनाकारण बंदीत टाकू नये, छळू नये, अशी ताकीद आहे. विजेत्याने आपल्या पश्चात्तापाचे आकडे गिरनारला, काल्सीला, शाहबाजगढीला आणि पार कंदाहारला ग्रीक भाषेतही सांगितले. पण जेथील माणसे मेली, तेथे मात्र ते कोरले नाहीत. यात राजकीय सावधपणा होता, असे काही जण मानतात आणि तो असूही शकेल. मला त्यात आणखी एक समज दिसते. ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला किती गेले हे सांगावे लागत नाही. त्याला आज न्याय मिळेल का, एवढेच त्याला हवे असते. आकडे लक्षात ठेवण्याची गरज मारणाऱ्याला आणि त्याच्या वंशजांना असते. कलिंगच्या लोकांनी स्वतः या युद्धाविषयी काय म्हटले, हे सांगणारा एकही समकालीन लेख मात्र आपल्याजवळ नाही. आपण कलिंग ओळखतो तो जिंकणाऱ्याच्या शोकातून.

आता आपल्या काळाजवळ येऊ. ज्या युद्धाची आठवण ठेवण्याचे काम एका शहराने जवळजवळ व्रतासारखे चालवले आहे, ते शहर म्हणजे हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता तेथे अणुबॉम्ब टाकला गेला. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर त्याचा स्फोट झाला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्यू पावली. ९ ऑगस्टला नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला आणि तेथे सत्तर हजारांहून अधिक माणसे गेली. हे आकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतात. त्यांतली एक गोष्ट मात्र निवासी शाळेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून हिरोशिमात घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे काम चालू होते आणि त्या कामावर शाळांतील मुलामुलींना लावले होते. त्या सकाळी सुमारे आठ हजार विद्यार्थी उघड्यावर काम करीत होते. त्यांपैकी जवळजवळ सहा हजार मेले. बहुतेकांचे वय बारा-तेरा वर्षांचे. आपल्याकडे सातवी-आठवीत असतात तेवढे. शिगेरू ओरिमेन हा त्यांतलाच एक. त्याचा जळून कोळसा झालेला जेवणाचा डबा तेथील संग्रहालयात ठेवला आहे. त्याचा देह आईने शोधून काढला, तेव्हा हा डबा त्याच्यापाशीच होता. आतले अन्न खाल्लेले नव्हते.

हिरोशिमाची आठवण आपोआप टिकली, असे मात्र नाही. युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या ताब्यात असलेल्या जपानात वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि बॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने लिहिता येत नव्हते. त्याहून बिकट बंधन समाजाचे होते. बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांच्या देहात विष आहे, त्यांची संतती व्यंग घेऊन येईल, अशा भीतीने त्यांना लग्नात नाकारले जाई, नोकरी मिळताना अडचण येई. त्यामुळे अनेकांनी आपण त्या दिवशी तेथे होतो, ही गोष्ट लपवली. कित्येकांनी स्वतःच्या मुलांपासूनही. आडनाव आणि गाव विचारल्यावर क्षणभर थांबून उत्तर देण्याची सवय ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या होती, त्या आपल्या वाचकांना हे मौन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे मौन फोडण्यात मुलांचा वाटा मोठा होता, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. सादाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि १९५५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ती वारली. कागदाचे क्रौंच पक्षी घडवणारी मुलगी म्हणून तिची गोष्ट जगभर पोहोचली आहे. त्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. तिच्या वर्गमित्रांनी स्मारकासाठी मोहीम सुरू केली, देशभरच्या शाळांतील मुलांनी पैसे पाठवले आणि १९५८ मध्ये बालशांतिस्मारक उभे राहिले. तशीच दुसरी गोष्ट त्या प्रसिद्ध घुमटाच्या भग्न इमारतीची. ती इमारत पाडून टाकावी, ती पाहून जखम ताजी होते, असे शहरातील अनेक प्रौढांचे मत होते. त्यात अस्वाभाविक काही नव्हते. हिरोको काजियामा नावाची मुलगी एक वर्षाची असताना बॉम्बच्या कचाट्यात सापडली होती. १९६० मध्ये सोळाव्या वर्षी ती वारली. हा घुमटच पुढच्या जगाला त्या दिवसाविषयी सांगत राहील, अशा आशयाचे तिने रोजनिशीत लिहिले होते. ती रोजनिशी वाचून मुलांच्या एका मंडळाने सह्या गोळा करायला सुरुवात केली. १९६६ मध्ये नगरपरिषदेने इमारत जतन करण्याचा ठराव केला आणि १९९६ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला. तरुणांना आठवण नको असते आणि वडीलधारे ती त्यांच्यावर लादतात, हे आपले नेहमीचे गृहीतक येथे उलटे पडते.

आज हिबाकुशांची पिढी मावळत आहे. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्योला, २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मार्च २०२५ अखेर नोंदणी असलेल्या हिबाकुशांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६ वर्षे झाले होते. ते गेल्यावर कोण सांगणार? या चिंतेतून हिरोशिमा शहराने २०१२ पासून एक प्रशिक्षण चालू केले. त्यात पुढच्या पिढीतील माणूस एखाद्या हिबाकुशाबरोबर दीर्घकाळ बसतो, त्याचा अनुभव शिकतो आणि नंतर त्याच्या वतीने लोकांना सांगतो. आपल्याकडे घराण्याची बंदिश शिष्याला देतात, तसाच हा व्यवहार म्हणायचा.

मोतोमाची हायस्कूलचा उपक्रम मला याहून बोलका वाटतो. तेथील कलाशाखेचे विद्यार्थी २००७ पासून हिबाकुशांच्या आठवणींची तैलचित्रे काढतात. विद्यार्थी ऐकतो, रेखाटतो, पुन्हा भेटतो. साक्षीदार सांगतो की धूर असा नव्हता, माणसे हात अशी धरून चालत नव्हती. विद्यार्थी पुसून पुन्हा काढतो. एका चित्राला जवळजवळ वर्ष लागते. ‘आमचा काय संबंध?’ या प्रश्नाला शब्दांनी उत्तर द्यायला गेले, तर ते नेहमी उपदेशासारखे ऐकू येते. येथे मात्र कातडी लोंबत असलेल्या हाताचा रंग कोणता, हे सोळा वर्षांच्या मुलाला ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला विचारावे लागते. त्यानंतर संबंध काय, हे त्याला कोणी सांगावे लागत नसेल.

मुलांना हे झेपेल का, हा पहिला आक्षेप जपानमध्येही आहेच. केईजी नाकाझावा स्वतः लहानपणी बॉम्बमधून वाचले. त्यांची ‘अनवाणी गेन’ ही चित्रकथा २०२३ मध्ये हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतिशिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून वगळली, तेव्हा मोठा वाद झाला. माझे मत विचाराल, तर वय पाहून सांगावे, पण खोटे सौम्य करून सांगू नये. तिसरीतल्या मुलाला सादाकोचे पक्षी पुरेत. आठवीतल्या मुलाला ओरिमेनचा डबा दाखवायला हवा, कारण तो त्याच्याच वयाचा होता.

तरीही हिरोशिमाची आठवण पूर्ण आहे, असे म्हणता येणार नाही. हिरोशिमा हे लष्करी शहरही होते. तेथील उजिना बंदरातून १८९४ पासून जपानचे सैन्य चीनकडे रवाना होत असे. १९३७ मध्ये नानजिंगमध्ये जपानी सैन्याने जी कत्तल केली, तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकात किती आणि कसा असावा, यावर जपानमध्ये आजही भांडण आहे. बॉम्बखाली सापडलेल्यांत हजारो कोरियन होते. जपानच्या वसाहतीतून आलेली ती माणसे. अनेकांना सक्तीने कामावर आणलेले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले, ते शांतिउद्यानाच्या हद्दीबाहेर. आत यायला १९९९ साल उजाडावे लागले. मेल्यावरही वेशीबाहेर ठेवण्याची रीत केवळ आपल्याच देशात आहे, असे समजण्याचे कारण नाही.

शांतिउद्यानातील मृतांच्या समाधीवर १९५२ मध्ये कोरलेल्या वाक्याचीही एक कहाणी आहे. तुम्ही शांतपणे विसावा, ही चूक पुन्हा होणार नाही, असा त्याचा आशय. जपानी वाक्यात कर्ता नाही. चूक कोणाची, हे व्याकरण सांगत नाही. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायालयात भारताच्या वतीने बसलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल त्याच वर्षी तेथे गेले आणि त्यांनी हरकत घेतली: बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चुकीची कबुली त्यांनी का द्यावी? त्यावर शहराची भूमिका अशी राहिली की कर्ता समस्त मानवजात आहे. पालांचा मुद्दा तर्काला धरून होता. पण ‘आम्ही मारले नाही, आम्हाला मारले’ एवढेच ज्या समाधीवर लिहिले असते, तिच्यासमोर नानजिंगचा माणूस डोके टेकू शकला नसता.

वैर जागे होण्याच्या भीतीला उत्तर देणारा एक प्रसंग मात्र इतिहासात नोंदलेला आहे, आणि तो एका बौद्ध देशाचा आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी शांतता तह होत होता. सिलोनचे प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी तेथे धम्मपदातील वैराविषयीच्या वचनाचा आधार घेऊन, आपला देश जपानकडे नुकसानभरपाई मागणार नाही, असे जाहीर केले. हे भाषण क्षमेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांनी नुकसान मोजून सांगितले: हवाई हल्ल्यांचे, बेटावर ठेवाव्या लागलेल्या मोठ्या सैन्याचे, युद्धासाठी ओरबाडून काढलेल्या रबराचे. भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हेही स्पष्ट केले. त्यानंतर तो हक्क सोडला. जे आठवत नाही, ते क्षमा करता येत नाही. ते फक्त निसटून जाते.

हे सगळे दूरचे झाले. आपल्या घरातली युद्धस्मृती म्हणजे कोरेगाव. १ जानेवारी १८१८ ची लढाई, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभाला दिलेली भेट. आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थी लहानपणी आईवडिलांचे बोट धरून तेथे गेलेले असतात. त्यांना पाचशे आणि अठ्ठावीस हजार हे आकडे तोंडपाठ असतात. स्तंभावर काय कोरले आहे, असे विचारले तर मात्र वर्गात शांतता पसरते. तेथे त्या लढाईत पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ज्या काळात या माणसांचे नाव गावच्या दप्तरातही आदराने लिहिले जात नसे, त्या काळात ते दगडावर कोरले गेले, ही त्या स्तंभाची खरी थोरवी आहे.

आणि ती नावे नुसती पुजण्यासाठी जपली गेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन सरकारकडे अर्ज केले. त्या स्मृतीतून हक्काची मागणी उभी राहिली आणि पुढे १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभारली गेली. मृतांना आठवून जिवंतांसाठी काही मागणे, हा आठवणीचा एक स्वच्छ उपयोग आहे.

यापुढचे एक पाऊल मात्र आपण अजून टाकलेले नाही, आणि ते टाकण्यास नव्या पिढीला सांगावे, असे मला वाटते. पेशव्यांच्या बाजूने त्या दिवशी पडले, त्यांत भाडोत्री अरब शिपाई होते. पोटासाठी समुद्रापलीकडून आलेले. त्यांची नावे त्या स्तंभावर नाहीत. कंपनी सरकारने तो आपल्या विजयासाठी उभारला होता, तेव्हा ती असण्याचे कारणही नव्हते. त्यांचा विचार केल्याने आपल्या बावीस नावांचे तेज उणे होत नाही. अशोकाने तेराव्या लेखात जे मोजले, ते स्वतःचे सैनिक नव्हते, हे आपण वाचताना सहसा लक्षात घेत नाही. एक लाख हा आकडा समोरच्यांचा आहे. आपल्या बाजूचे किती पडले, याविषयी तो लेख एक शब्दही बोलत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तेराव्या लेखाचा तुकडा मिळालेला नाही. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा सापडला, पुढे १९५६ मध्ये नवव्याचा. नवव्याचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. त्यात युद्धाचा उल्लेख नाही. मंगलकार्यांविषयी आणि धम्ममंगलाविषयी आहे. तरीही शाळेची सहल मुंबईला नेताना हा दगड पाहण्याच्या यादीत वर असावा. जाण्याआधी ब्राह्मीची मुळाक्षरे फळ्यावर गिरवून घ्यावीत. आठवीच्या मुलांना ती आठवडाभरात येतात, आणि दिल्लीच्या दरबारात जी अक्षरे पंडितांना वाचता आली नाहीत, त्यांतले पहिले अक्षर एखादी मुलगी काचेला नाक लावून मोठ्याने वाचते.